मेमरीच्या सतरा चुका

आमचा संगणक कपाटात राहतो. लोणावळ्यात पावसाळा काढलेल्या माणसाला यात काही विचित्र वाटणार नाही. इथे जून ते सप्टेंबर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव धरते, पापडाची रुमालासारखी घडी घालता येते आणि कपड्यांच्या कपाटात दिवसरात्र एक बल्ब जळत असतो. त्याच्या उबेने कपडे कोरडे राहतात. आमच्या आळीत सगळेच असं करतात, आम्हीही करतो. संगणक घेतला तेव्हा मी सुताराकडून टेबलाखाली दाराचा एक कप्पा करून घेतला. जून लागताच कप्प्याच्या मागची जाळी प्लॅस्टिकने बंद केली, आत साठ वॅटचा बल्ब लावला आणि दार घट्ट ओढून घेतलं.

इथवर वाचून ज्यांना दोष कुठे आहे ते कळलं, त्यांचं कौतुक आहे. मला अकरा दिवस लागले, आणि मी गेली बावीस वर्षं तळेगावच्या बाजूच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.

संगणकावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली आहे. त्याचं कारण मी स्वतः. दुकानदाराने विकतच्या प्रणालीची फुकटातली नक्कल टाकून देतो म्हटलं होतं. सगळेच वापरतात, म्हणाला. मी म्हटलं, सगळे वापरतात म्हणून चोरीचा माल घरात घेणार नाही. तत्त्व माझं होतं. त्यावर रोज बसून काम करायची पाळी बायकोची. ती स्थापत्याची पदविकाधारक. वीस वर्षं घरी बसून दुसऱ्या इंजिनिअरांचे नकाशे काढते. रेघा तिच्या, खाली नाव त्यांचं. तिने लिनक्स शिकून घेतलं, त्यावरचे फुकट मिळणारे नकाशाचे आणि त्रिमितीचे प्रोग्रामही शिकून घेतले. तक्रार एकदाही केली नाही. ती मी तिच्या वतीने करायचो, इंटरनेटवरच्या मंडळींकडे.

त्या जुलैत तिच्याकडे पहिल्यांदा स्वतःचं काम येण्याची शक्यता होती. तिचं माहेर बेडशाच्या अलीकडचं. गावाला देवळाशेजारी सभामंडप बांधायचा होता. तिचे चुलत चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते कमिटीत. त्यांनी तिचं नाव सुचवलं. पण एका ठेकेदारानेही चित्रं आणतो म्हणून सांगितलं होतं. तेव्हा ठरलं की दोन आठवड्यांनी रविवारी दहा वाजता गाव दोघांचंही बघेल आणि त्याच बैठकीत एकाला काम देईल. बायकोने मंडपाभोवती फिरून चारी बाजू दाखवणारी चाळीस सेकंदांची चित्रफीत करायचं ठरवलं. सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे नऊशे साठ. एका चित्राला सव्वादोन मिनिटं. एकूण छत्तीस तास. तारीख हातात होती, वेळ भरपूर होता, अशी चित्रं काढायला लागणारं ग्राफिक्स कार्ड एप्रिलमध्येच घेतलं होतं.

काम सुरू केलं आणि अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला. पंखा मात्र असा घोंघावायला लागला की शेजारच्या काकूंनी मिक्सर बंद करा म्हणून सांगितलं.

दार उघडून संगणक बंद केला, परत चालू केला. पुन्हा अकरा मिनिटं. तिसऱ्यांदा बारा. चौथ्यांदा पडदा काळा झाला नाही, पण त्रिमितीचा प्रोग्राम मुकाट्याने मिटला. मी नोंदी उघडल्या. लिनक्स सगळं लिहून ठेवतं, हा त्याचा मोठा गुण. माझ्यासारख्याला त्यातच निम्मं समाधान मिळतं. नोंदीत इंग्रजीत लिहिलं होतं की ग्राफिक्स कार्ड बसवरून पडलं आहे.

"कशावरून?" बायकोने विचारलं.

"बस म्हणजे संगणकातली वाट असते. कार्ड त्या वाटेवर सापडेनासं झालंय."

"कामशेतला उतरलं असेल," ती म्हणाली. "हे किती दिवसांत सापडेल तेवढं सांगा."

मी दोन दिवस सांगितले.

पहिले दोन दिवस लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर गेले. मी दोनशे चौदा ओळींची नोंद चिकटवली आणि व्यवस्थित, मुद्देसूद प्रश्न विचारला. पहिलं उत्तर आलं की हा प्रश्न चुकीच्या विभागात टाकला आहे. दुसऱ्याने सांगितलं की हे आधी विचारून झालेलं आहे, शोधून बघा. तिसऱ्याने कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, जुना करायला सांगितला, चौथ्याने नवा, आणि मग त्या दोघांचं आपसात असं जुंपलं की माझा संगणक बिघडला आहे हे दोघेही विसरले. मी आधी जुना केला, मग नवा. फरक एवढाच पडला की नव्यावर पडदा काळा होण्याआधी एकदा हिरवा होत होता. कारखान्यातला एक सहकारी म्हणाला, "लिनक्स वापरणाऱ्याला सुट्टी नसते. सुट्टीच्या दिवशी तो ते दुरुस्त करत असतो." मी त्याला सांगितलं की त्याच्याकडे चोरीचा माल आहे. तो म्हणाला, "पण चालतो."

मग मेमरी तपासायची ठरवली. त्यासाठी संगणक चालू होतानाच पेनड्राइव्हवरून एक चाचणी लावतात. ती मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहिते, परत वाचते, आणि वेगळं निघालं की चूक मोजते. एका फेरीला सव्वा तास लागतो. पहिल्या फेरीत सतरा चुका निघाल्या.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता आकडा हातात होता.

संगणकात मेमरीच्या दोन पट्ट्या, आठ-आठ जीबीच्या. मी कागदावर तक्ता आखला. पहिली पट्टी पहिल्या खाचेत, पहिली दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी तशीच. खोका बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि चाचण्या घेतल्या. चारही चाचण्यांत शून्य चुका. खोका परत कप्प्यात ठेवला, दार लावलं, दोन्ही पट्ट्या घालून चाचणी घेतली. एकोणीस.

आता कुणीही म्हणेल की टेबलावर शून्य आणि कप्प्यात एकोणीस, म्हणजे दोष कप्प्यात. मीही तेच म्हटलं. मी कप्प्यामागचा विजेचा सॉकेट बदलला. मग वायर बदलली. मग अर्थिंग तपासायला वायरमन बोलावला. तो म्हणाला अर्थिंग उत्तम आहे, एवढं चांगलं आळीत कुणाकडे नाही. ते ऐकून बरं वाटलं. घरामागून मालगाड्या जाताना भिंत थरथरते, म्हणून मी खोक्याखाली रबराची चटई घातली. या सगळ्या काळात तो बल्ब माझ्या हातापासून वीतभर अंतरावर जळत होता. किंबहुना त्याच्याच उजेडात मी हे सगळं करत होतो.

तापमान बघितलं नाही का, असं कुणी विचारेल. बघितलं. तपासणी विभागातला माणूस तापमान बघणार नाही असं होईल का? मी कार्डाच्या तापमानाची नोंद आपोआप होईल अशी सोय केली, कारखान्यात आम्ही भट्टीची घेतो तशी, दर पंधरा मिनिटांनी. संगणक अकराव्या मिनिटाला बंद पडत होता. त्यामुळे माझ्या नोंदीत दोनच प्रकारचे आकडे होते: काम सुरू होण्याआधीचा, आणि बंद पडल्यावर दार उघडून परत चालू केल्यानंतरचा. दोन्ही मर्यादेत. चार दिवसांचे आकडे मी ओळीने मांडले, सरासरी काढली आणि तापमानाचा संबंध नाही असा शेरा लिहून खाली सही केली. एखाद्या शिकाऊ मुलाने असा अहवाल आणला असता तर मी तो त्याच्यासमोर फाडला असता.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आमच्याकडे कारखान्यात ज्या यंत्राबद्दल शंका आहे त्याला लाल चिठ्ठी बांधतात. चिठ्ठी सुटेपर्यंत त्या यंत्रावर माल काढायचा नाही. नियम चांगला आहे. मी सातव्या दिवशी तशी चिठ्ठी घरी आणून कप्प्याच्या कडीला बांधली.

बायकोने ती वाचली. तारीख, दोषाचं स्वरूप, तपासणाऱ्याची सही.

"म्हणजे मी काम करायचं नाही?"

"शंका असलेल्या यंत्रावर नाही."

"अहो, दर वेळी चार-पाच चित्रं होतात आणि मग बंद पडतं. होतात तेवढी होऊ दे. मी प्रत्येक चित्र वेगळं साठवतेय, झालेलं वाया जात नाही."

मी हिशेब करून दाखवला. पाचाप्रमाणे नऊशे साठ चित्रांना एकशे ब्याण्णव वेळा संगणक चालू करावा लागेल. शिवाय मेमरीत चुका असताना निघालेल्या चित्रावर भरवसा कसा ठेवायचा?

"भरवसा गाव ठेवणार आहे. तुम्ही नका ठेवू," ती म्हणाली. "मला कारण नकोय. मला चित्र हवंय."

"कारण सापडल्याशिवाय दोष जात नसतो."

"आणि दिवस मात्र जातात."

तिने चिठ्ठी सोडली नाही. वीस वर्षांच्या संसारात ती माझ्या वस्तूंना सहसा हात लावत नाही, आणि संगणक माझा आहे असा आमच्या दोघांचाही समज मी केव्हातरी करून दिला होता. पुढचे चार दिवस ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरून हाताने मंडपाच्या बाजू काढत बसली. मी कप्प्यासमोर जमिनीवर. एका खोलीत दोन माणसं दोन वेगवेगळी कामं बंद पाडून बसली होती, आणि दोन्ही बंद पाडणारा मीच होतो.

शुक्रवारी मी रजा काढली. त्या दिवशी एक पट्टी काढून संगणक चालवून बघितला तर नवंच निघालं: आठ जीबीत तिचा मंडप मावेना. मेमरी संपली की लिनक्स कुणालाही न विचारता एखादा प्रोग्राम मारून टाकतं, आणि कुणाला मारलं तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवतं. मी ती नोंद तक्त्यात उतरवत होतो तेवढ्यात आबा आले. लोणावळ्यात बँकेचं काम होतं, ते आटपून पोरीकडे चहाला. पिशवीत अळूची पानं होती.

"काय गं बाय, चित्तर झालं का न्हाई?"

"होतंय आबा," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

आबा खुर्चीत टेकले. बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं, त्यामुळे कप्प्याच्या दाराच्या फटीतून पिवळा उजेड जमिनीवर पडलेला दिसत होता. त्यांनी जरा वेळ तिकडे बघितलं.

"पाव्हणं, हितं पिल्लं घातल्यात व्हय?"

"कसली पिल्लं?"

"कोंबडीची. आमच्या पोल्ट्रीत आसाच बल्ब लावत्यात, धाकली आसत्यात तवर. आन् ही लाल चिट्टी कशापायी? नवस हाय?"

बायको स्वयंपाकघरात गेली. तिचे खांदे हलताना मला दिसले.

मी आबांना समजावून सांगितलं. इथली हवा, दमटपणा, यंत्राच्या आत धरणारा गंज, आणि तो टाळण्यासाठी केलेली योजना. त्यांनी सगळं ऐकलं, मग उठले, चिठ्ठीसकट कडी ओढून दार उघडलं आणि आत हात घातला. लगेच मागे घेतला.

"भट्टी हाय की ही."

"ऊब लागते, आबा."

"ऊब येगळी न् ह्ये येगळं. पिल्लास्नी लय गरम झालं तर ती बल्बापासनं लांब सरकत्यात. कडंला जाऊन चोची वासून बसत्यात. मानसाला समजतं, मग त्यो बल्ब वर घेतो." त्यांनी खोक्यावर बोटं टेकवली. "ह्ये कुटं सरकंल बिचारं?"

मी तक्त्याकडे बघितलं. कार्ड एप्रिलमध्ये घेतलं. प्लॅस्टिक आणि बल्ब जूनमध्ये लावला. जेवणाच्या टेबलावर झाकण उघडं. दार लावल्यावर एकोणीस. पंधरा मिनिटांची नोंद, अकरा मिनिटांचं आयुष्य. हे सगळे आकडे माझ्याच अक्षरात माझ्याच मांडीवर होते.

बायको चहा घेऊन आली, कप आबांच्या हातात दिला आणि बल्बचं बटण बंद केलं. मग खाली बसून कप्प्यामागचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि कात्रीने चिठ्ठीचा दोरा कापला. चिठ्ठी मला दिली.

"दुसरी पट्टी घाला परत," ती म्हणाली.

"घालतो. आणि एकदा चार फेऱ्यांची चाचणी घेऊ. पाच तास लागतील, पण मग खात्रीने सांगता येईल की—"

"आबा, तुम्ही सांगा यांना."

"पाव्हणं," आबा म्हणाले, "तुमी च्या घ्या."

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता काम सुरू झालं. दार सताड उघडं, समोर टेबलफॅन. रविवारी सकाळी आठला निघायचं तर एकोणचाळीस तास, लागणार छत्तीस. तीन तासांची सवड. अकरावं मिनिट आलं आणि गेलं. मी लांबून बघत होतो. जवळ यायला मनाई होती. शनिवारी दुपारी वीज गेली ती पाच तास गेली, आणि मी गप्प राहिलो, कारण एवढा वेळ माझ्या चाचण्यांना पाच वेळा लागला होता. वीज आल्यावर तिने जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. रविवारी आठला नऊशे सहा चित्रं झाली होती. चोपन्न राहिली, म्हणजे सव्वादोन सेकंद. मंडपाची उत्तरेची बाजू कडेला येते न येते तोच चित्रफीत संपत होती.

"उत्तर दिशा अपुरी आहे असं सांगावं लागेल," मी गाडीत म्हटलं.

"तुम्ही पेनड्राइव्ह धरा," ती म्हणाली.

बैठक शाळेच्या खोलीत होती. ठेकेदाराने आधी दाखवलं. जाड, गुळगुळीत कागदावरची मोठी रंगीत चित्रं. मंडप झकपक होता, भोवती ताडासारखी उंच झाडं होती आणि आत सोनेरी केसांच्या बायका उन्हाळी कपड्यांत फिरत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी चष्मा वर करून विचारलं, "ह्या कोन?"

"तशाच असतात, मावशी. चित्राला शोभा येते."

"कुनाच्या हाईत पर?"

मग शाळेच्या टीव्हीवर बायकोची चित्रफीत लावली. तिच्यात माणसं नव्हती. देवळाची भिंत होती, उतार होता तेवढाच होता, हातपंप होता आणि जांभळाचं झाड होतं, एका बाजूची फांदी तुटलेलं. "आपली जांभळ," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा लावायला सांगितलं. चार वेळा लावली. सव्वादोन सेकंदांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ज्या प्रकाशासाठी आणि सावल्यांसाठी ग्राफिक्स कार्ड घेतलं, त्यांच्याकडेही कुणी बघितलं नाही. पंगतीला किती पानं बसतील ते विचारलं. ती म्हणाली, एका वेळी एकशे चव्वेचाळीस. भांडी घासल्याचं पाणी कुठे जाणार? तिने नकाशावर बोट ठेवून गटार दाखवलं. मावशी म्हणाल्या, पावसाचं वारं देवळाच्या मागनं येतं, तिकडं भिंत पाहिजे. तिकडं भिंत होती.

ठेकेदार हसत म्हणाला, "छान केलंय ताई. कुणाकडून करून घेतलं? साहेबांनी केलं वाटतं." त्याने माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "मी सात दिवस शोधाशोध केली आणि चार दिवस काम बंद ठेवलं होतं."

लोकांना तो विनोद वाटला. मागच्या बाजूने एक जण उठला. त्याची अडचण वेगळी होती. "पोरगी गावचीच. काम चुकलं तर माहेरवाशिणीला बोलायचं कसं? ठेकेदाराला चार शिव्या देता येत्यात." मुद्दा खरा होता. अकरा दिवस मला ज्याची भीती वाटत होती त्यात हा नव्हताच.

बायको उभी राहिली. "बोला की," ती म्हणाली. "मी काय पाहुणचाराला आले नाही. चुकलं तर उभ्या उभ्या बोला. बांगडी भरायला आले की मग गोड बोला."

मावशी म्हणाल्या, "मी बोलंन. माझ्यावर सोडा त्ये." काम तिथे ठरलं.

घरी आल्यावर मी राहिलेल्या चाचण्या घेतल्याच. प्लॅस्टिक परत लावून दार बंद, बल्ब बंद: चौदा चुका. दार उघडं, बल्ब चालू: शून्य. म्हणजे खरा दोष बंद दाराचा आणि प्लॅस्टिकचा, बल्बचा वाटा त्याहून कमी. ही गोष्ट स्पष्ट व्हायला हवी होती, म्हणून मी ती बायकोला सांगितली. ती "बरं" म्हणाली. चर्चेच्या पानावरही मी कारण लिहिलं. तिथे एकाने विचारलं की संगणक कपाटात कोण ठेवतं. दुसऱ्याने कळवलं की हा विषय आता बंद करण्यात आला आहे.

दसऱ्यानंतर मंडपाची आखणी झाली. त्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात पहिल्यांदा तिचं नाव होतं. चुन्याची फक्की टाकून पायाच्या रेघा मारायच्या होत्या. गवंडी, दोन बिगारी, आबा, मावशी आणि रजा काढून आलेला मी. तिने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन जांभळीच्या बाजूला गेली. मी टेप ताणला, डोळ्याजवळ घेतला आणि मिलिमीटर बघायला लागलो.

"अहो," ती तिकडून म्हणाली, "तुमच्याकडे शून्य आहे. ते खुंटीला लावून नुसतं धरा. आकडा मी वाचते."